लिनक्स ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय चालत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही एएमडीच्या रायझन ५ प्रोसेसरचा वापरलेला लॅपटॉप घेतला, मॉडेल २०२३ चं. मित्राकडच्या जुन्या पेनड्राइव्हवरून त्यावर लिनक्स मिंट २१.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आता वायफायचं चिन्हच येत नाही. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कल्याणहून सीएसएमटीला पोहोचेपर्यंत, म्हणजे सव्वा तासात, तापतो आणि बॅटरी नव्वद टक्क्यांवरून साठवर येते. बोटाच्या ठशाने लॉगिन होत नाही. दुकानदार म्हणतो, या मशीनवर लिनक्स चालत नाही. विंडोज टाका, नाहीतर वायफायसाठी इंटेलचं एएक्स२०१ कार्ड बसवून देतो. परत करायची मुदत सात दिवसांची, त्यातले तीन गेले.

चारच दिवस हातात आहेत म्हणून उत्तर आधी आणि कारणं नंतर. कार्ड आत्ता घेऊ नका. एएक्स२०१ तर मुळीच नको, ते तुमच्या मशीनमध्ये चालणारच नाही. मिंट २१.२ काढून मिंट २२ मालिकेतली ताजी आवृत्ती टाका, वायफाय बहुधा तिथेच सुरू होईल. मग झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरंच झोपतो का, हे घरी टेबलावर मोजून बघा. लॅपटॉप ठेवायचा की परत करायचा, हे खरं तर त्या मोजणीवर ठरवा. ठशाच्या सेन्सरवर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता कारणं. ‘लिनक्स चालत नाही’ हे निदान नव्हे. लॅपटॉप म्हणजे दहा-बारा वेगवेगळ्या चिपांची मोट असते, आणि चिपला तीन गोष्टी लागतात: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम; पुष्कळदा चिप सुरू होताना तिला भरवायची फर्मवेअरची फाइल; आणि चिप कुठे, कशी जोडली आहे हे खरं सांगणारं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम. विंडोजमध्ये लॅपटॉप कंपनी त्या मॉडेलचे ड्रायव्हर वेगळे देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच: कर्नलचं वय किती आणि चिपचं वय किती? चिपच्या आधी जन्मलेल्या कर्नलला ती चिप सहसा ओळखता येत नाही.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. तुम्ही पाठवलेल्या लॅपटॉपमधल्या चिपांच्या यादीत वायफायच्या ओळीत रिअलटेक ८८५२बीई आणि शेजारी १०ईसी:बी८५२ असा आकडा आहे. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला. मिंट २१.२ सोबत येतो ५.१५, तो २०२१ च्या अखेरचा. चिप धडधाकट आहे, अँटेना जागेवर आहे. फक्त कर्नलच्या वहीत तिचं नाव नाही. अशा वेळी कार्ड बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा आकडा कुठून येतो ते नीट सांगतो, कारण पुढे कुठल्याही लॅपटॉपवर हेच करायचं आहे. आज्ञा मी इथे बोलून दाखवतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ लिहून एंटर दाबा. बरीच लांब यादी येईल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असा शब्द शोधा. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा त्या चिपचा. लॅपटॉपवरचं स्टिकर, खोकं, दुकानदाराचं बिल यांतलं काहीही धरून चालू नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या हाताशी असेल ते वायफाय कार्ड टाकतात, आणि वापरलेल्या मशीनमध्ये ते मधे कुणी बदललेलंही असू शकतं.

त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहिलेलं असायला हवं. तुमच्याकडे ती ओळच नाही, याचा अर्थ ड्रायव्हर लागलेला नाही. ती ओळ असूनही वायफाय दिसत नसतं, तर मी फर्मवेअरकडे वळलो असतो: ‘सुडो डीएमईएसजी’ चालवून ‘फर्मवेअर’ शब्द शोधायचा. तिथे फाइल लोड झाली नाही आणि शेवटी उणे २ असं दिसलं, तर फाइलच डिस्कवर नाही. आणि ड्रायव्हर, फर्मवेअर दोन्ही ठीक असतील तर ‘आरएफकिल लिस्ट’. तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड: यस’ असेल तर विमानाचं चित्र असलेली की किंवा बायोसमधली सेटिंग बघायची, सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालायचं नाही. हा क्रम मोडू नका. बहुतेकांचे दोन दिवस वाया जातात ते तिसऱ्या पायरीची औषधं पहिल्या पायरीच्या दुखण्यावर लावल्याने.

वायफाय नसताना इंटरनेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, काही बसवावं लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसती चार्जिंगची केबल असेल तर टेदरिंगचा पर्याय करडाच राहतो.

इथून पुढे दोन रस्ते आहेत. तुमच्या मशीनवर अजून कामाचं काही साठलेलं नसेल तर मिंट २२ नव्याने टाका. ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभं आहे, पहिल्या आवृत्तीत कर्नल ६.८ आहे, २२.२ मध्ये ६.१४. फाइली, सेटिंग जमवून बसला असाल आणि नव्याने टाकायचं नसेल, तर मिंट २१ मध्येच अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स निवडा आणि यादीतला ६.८ बसवा. काही शे एमबी डेटा जाईल. रीस्टार्टनंतर ‘यूनेम -आर’ चालवून खरंच नवा कर्नल चालू आहे का ते बघा. जुना कर्नल काढू नका. नव्याने काही बिघडलं तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून त्याच्यावर परत जाता येतं.

इंटरनेटवर शोधलंत तर याच रिअलटेक चिपसाठी सोर्स कोड उतरवून स्वतः ड्रायव्हर बांधायचे उपाय सापडतील. तो मार्ग मी शेवटचा मानतो. असा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असल्यामुळे कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो, आणि एखाद्या सोमवारी सकाळी अपडेटनंतर वायफाय गायब झालेलं असतं. शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेतच नाही. त्यासाठी स्वतःची किल्ली नोंदवावी लागते: रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्यात ‘एन्रोल एमओके’ निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि दोष चिपवर जातो. कर्नलमध्येच ड्रायव्हर आलेला असताना या फंदात पडायचं कारण नाही.

नव्या कर्नलवर वायफाय दिसलं, पण दर थोड्या वेळाने तुटतं, असं झालं तर ती वेगळी गोष्ट. या रिअलटेक कुटुंबातल्या चिपा काही लॅपटॉपांवर पीसीआयच्या (कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या वाटेच्या) वीजबचतीत अडखळतात. आधी वायफायची वीजबचत बंद करून बघा: नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये वायफाय-पॉवरसेव्ह नावाची फाइल असते, तिच्यातला ३ बदलून २ करा. इथे ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. त्याने भागलं नाही तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये नवी फाइल करून एका ओळीत लिहा: ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय’. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण जोडणी टिकते. दोन्ही बदल एकदम करू नका. एक करा, अर्धा दिवस वापरा, मग दुसरा. नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

एएक्स२०१ ला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणतोय? इंटेलच्या या कार्डावर वायफायचा अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा इंटेलच्या प्रोसेसरच्या बाजूला असतो. सॉकेटमध्ये ते नीट बसतं, स्क्रूही लागतो, पण रायझनच्या मशीनमध्ये दुसरा अर्धा भाग नसल्यामुळे ते मेलेलंच राहतं. एएक्स२११ चंही तसंच. नाव जवळचं असलेलं एएक्स२१० मात्र पूर्ण कार्ड आहे, साध्या पीसीआयवर चालतं, एएमडीवरही चालतं, आणि त्याचा ड्रायव्हर ५.१० पासून कर्नलमध्ये आहे. तेव्हा पुढेमागे कार्ड बदलायची वेळ आलीच तर एएक्स२१०, एम.२ चं २२३० मापाचं. विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून कार्ड सुटं आहे का ते बघा. बऱ्याच पातळ मॉडेलांत वायफायची चिप मदरबोर्डावरच डाग दिलेली असते, तिथे बदलायचा विषयच संपतो. सुटं असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग अँटेनाच्या काळ्या आणि पांढऱ्या दोन तारा सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका. त्यांची टोपणं तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात आणि फार वेळा काढ-घाल सोसत नाहीत. बसवताना टिक असा आवाज येईपर्यंत दाबा. एक तार अर्धवट बसली तर वायफाय दिसतं पण पलीकडच्या खोलीत गेलं की मरतं, आणि लोक पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतात.

आता झोप. मला जास्त काळजी याची वाटते.

तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. बॅटरी पन्नास वॉट-अवरच्या आसपासची धरली तर तीस टक्के म्हणजे पंधरा वॉट-अवर. ते सव्वा तासात गेले, म्हणजे सरासरी बारा वॉट. झोपलेला लॅपटॉप एवढं खात नाही, कितीही वाईट झोपला तरी. बारा वॉट हा जागा राहून काम करणाऱ्या लॅपटॉपचा खर्च आहे. म्हणजे तुमचं मशीन बॅगेत झोपलेलंच नव्हतं, किंवा झोपून लगेच उठलं होतं. गर्दीच्या लोकलमध्ये, फोमच्या कव्हरात, हवा जायला वाव नसताना जागं मशीन बॅटरी आणि पडदा दोन्ही भाजून काढतं. हे सुटेपर्यंत प्रवासाला निघताना लॅपटॉप सरळ बंद करा. एसएसडीवर सुरू व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, तेवढ्यासाठी बॅटरी फुगवून घेऊ नका.

जुन्या लॅपटॉपांत झोप म्हणजे एस३: रॅम सोडून बाकी सगळं बंद. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत कंपन्यांनी ती झोप काढून टाकली आहे. त्याऐवजी फोनसारखी झोप आहे, जिला कर्नल एस२आयडल म्हणतो. त्यात प्रत्येक चिपने आपणहून खाली बसायचं असतं. एक जरी उभी राहिली तरी सगळं मशीन अर्धवट जागं. तुमच्याकडे काय आहे ते ‘कॅट /एसवायएस/पॉवर/मेम_स्लीप’ ने कळतं. नुसतं एस२आयडल दिसलं तर एस३ नाही, आणि ‘डीप’ झोप जबरदस्तीने लादायचे जे उपाय वाचायला मिळतात ते तुमच्यासाठी नाहीत.

मोजणी अशी करा, आणि नव्या कर्नलवरच करा, कारण ५.१५ नंतर एएमडीच्या झोपेत बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत. चार्जर काढा. यूएसबीला लावलेलं सगळं काढा, विशेषतः वायरलेस माउसचं बोटाच्या पेराएवढं रिसीव्हर. माउस त्याच बॅगेत असतो, गाडी हलली की माउस हलतो, आणि माउस हलला की लॅपटॉप उठतो. हे कारण इतकं साधं आहे की कुणी तपासतच नाही. मग मिंटच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये झाकण मिटल्यावर ‘सस्पेंड’ आहे का ते बघा. बॅटरीवर असतानाची सेटिंग वेगळी असते, चार्जरवरची वेगळी. टक्केवारी लिहून ठेवा, झाकण मिटा, बरोबर एक तास हात लावू नका.

उघडल्यावर ‘कॅट /एसवायएस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’. ही फाइल कर्नल ६.४ पासून आहे. आकडा मायक्रोसेकंदांत असतो, तेव्हा तासाभराच्या पक्क्या झोपेला तो साडेतीन अब्जांच्या घरात हवा. शून्य आला तर हार्डवेअर एकदाही खोल झोपेत गेलं नाही. दोघांच्या मधला काही आला तर ते झोपलं, पण मधेच उठलं. मग ‘जर्नलसीटीएल -के -बी’ मध्ये ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एक्झिट’ या ओळींच्या वेळा जुळवा. एंट्रीनंतर दोन सेकंदांत एक्झिट असेल तर काहीतरी त्याला उठवतंय. टचपॅड, झाकणाचा सेन्सर, यूएसबी हे नेहमीचे संशयित. कोण उठवतं ते शोधायला एएमडीचंच एएमडी-एस२आयडल नावाचं साधन आहे. ते चालवलं की मशीन थोडा वेळ झोपवून अहवाल देतं, आणि कोणत्या उपकरणाने अडवलं हे बहुतेक वेळा नावानिशी सांगतं. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बदललेली असेल तर तिच्याकडेही लक्ष ठेवा. स्वस्तातली एखादी एसएसडी वीजबचतीच्या अवस्थेत नीट जात नाही आणि सगळं मशीन जागं ठेवते.

टक्केवारीचं माझं माप असं आहे: तासाला एक टक्का किंवा कमी गेली तर चांगलं, दोनपर्यंत चालवून घेण्यासारखं, पाचच्या वर असेल तर काहीतरी अडकलंय. हे बॅटरीच्या मापावर आणि वयावर थोडं बदलेल.

बायोस अपडेट याच कामासाठी करून घ्या, कारण एस२आयडलचे बरेच दोष बायोसमध्ये असतात. ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर रिफ्रेश’ आणि मग ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर गेट-अपडेट्स’. लेनोवो, डेल, एचपी यांच्या ऑफिसात वापरायच्या बऱ्याच मॉडेलांची अपडेट अशी थेट लिनक्समधून मिळतात. घरगुती मॉडेलांची पुष्कळदा मिळत नाहीत, त्यांना विंडोजची फाइल लागते. म्हणून पुढच्या वेळी विंडोज पुसण्याआधीच बायोस अद्ययावत करून घ्या. अपडेट चालू असताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. पावसाळ्यात वीज गेली तरी काम अर्ध्यावर राहायला नको.

ठशाचं लवकर उरकतो. ‘एलएसयूएसबी’ चालवा, सेन्सरचा आकडा घ्या आणि लिबएफप्रिंट प्रकल्पाच्या मान्य उपकरणांच्या यादीत शोधा. असेल तर ‘एफप्रिंटडी’ बसवून बोट नोंदवा. नसेल तर सोडून द्या. इथे कर्नल बदलून फरक पडत नाही; सेन्सर कंपनीने माहिती दिली नसेल तर बाहेरच्या माणसाला तो ड्रायव्हर लिहिणं फार अवघड असतं.

आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड यांची तक्रार तुम्ही केलेली नाही, पण मुदत आहे तोवर तपासून घ्या. हेडफोनमध्ये आवाज येतो पण स्पीकर गप्प, असं असेल तर स्पीकरचे वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि त्यांना नवा कर्नल लागेल. एचडीएमआयला बाहेरचा पडदा लावून बघा. माइकवर दहा सेकंद बोलून ऐका.

आणि एक गोष्ट आजच करा: बायोसमध्ये शिरून बघा. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप बाजारात येतात तेव्हा काहींवर जुन्या मालकाचा बायोस पासवर्ड तसाच राहिलेला असतो. मशीन सुरू होतं, सगळं ठीक दिसतं, पण सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलायला गेलं की पासवर्ड मागतं. तो उघडून द्यायची जबाबदारी दुकानाची आहे, आणि ती मुदतीच्या आतच मागायची. दुकानदाराला पासवर्ड माहीत नसेल तर हा लॅपटॉप ठेवू नका, वायफाय सुरू झालं तरी.

नव्या कर्नलवर, नव्या बायोसवर, यूएसबी रिकामं ठेवूनही झोपेचा आकडा शून्यच आला, तर मी तुमच्या जागी असतो तर परत केला असता. रोज अडीच तास लोकलने प्रवास करणाऱ्याला झोप न लागणारा लॅपटॉप उपयोगाचा नाही. बदली मशीन घ्यायला जाताना मिंट २२ चा पेनड्राइव्ह बरोबर न्या आणि काउंटरवरच तो लावून मागा. फोनच्या हॉटस्पॉटला वायफाय जोडा, स्पीकरवर काहीतरी वाजवा, कॅमेरा उघडा, झाकण मिटून दहा मिनिटं थांबा आणि तीच लास्ट_एचडब्ल्यू_स्लीपची फाइल वाचा. दहा मिनिटांना साठ कोटींच्या जवळपास आकडा यायला हवा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि ग्राहक हातात पेनड्राइव्ह घेऊन उभा असेल तर दुकानदार सहसा अडवत नाही.

मिंट २२ टाकून झालं की तीन गोष्टी पाठवा: ‘यूनेम -आर’ चं उत्तर, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मधला नेटवर्कचा तुकडा, आणि तासाभराच्या झोपेनंतरचा तो आकडा. त्यावरून पुढचं सांगतो.